नेट रोज ठरल्या वेळी जातंय? राउटर बंद करण्याआधी दिवे बघा

"सर, नेट गेलं होतं. राउटर बंद करून चालू केला, आलं परत." कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका मशीन शॉपमधून हे वाक्य मी सलग तीन आठवडे ऐकलं. फोन अकाउंट्स बघणाऱ्या ताईंचा. वेळ बहुतेक सव्वाअकराची, नाहीतर दुपारी चारच्या पुढची. ई-वे बिल अर्धं भरलेलं, माल गाडीत चढलेला, ड्रायव्हर दारात उभा आणि स्क्रीनवर नुसतं चाक फिरतंय. नेट देणाऱ्या कंपनीचा माणूस दोनदा येऊन गेला. त्यानं राउटरजवळ उभं राहून मोबाइलवर स्पीड बघितला, तो चांगला आला, तो निघून गेला. दुसऱ्या दिवशी सव्वाअकराला परत तेच.

रोजचा, ठरल्या वेळचा असा बिघाड ज्यांच्याकडे आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. छोटं ऑफिस, दुकान, कारखाना, क्लास, दवाखाना, जिथे पाच-दहा संगणक, एखादा स्विच (सगळ्यांच्या केबली जिथं एकत्र जोडतात ते उपकरण), चार कॅमेरे आणि हजेरीचं मशीन आहे, अशी जागा डोळ्यांसमोर ठेवली आहे.

पहिली विनंती एकच. नेट गेलं की लगेच राउटरचं बटण दाबू नका. बंद करून चालू केल्यावर केबलच्या दोन्ही टोकांची उपकरणं वेग आणि जोडणी नव्यानं ठरवतात, संगणक जाळ्यातला नवा पत्ता (आयपी) मागून घेतात, स्विच कुठल्या पोर्टवर, म्हणजे केबल खोचायच्या भोकावर, कोण आहे हे पुन्हा शिकतो. त्यामुळे मूळ दुखणं कुठलंही असलं तरी थोडा वेळ बरं वाटतं. आणि दुखणं कुठं होतं हे सांगणारी खूण मात्र पुसली जाते. दोन मिनिटं थांबा, मोबाइल काढा, राउटर आणि स्विच दोन्हींच्या दिव्यांचा व्हिडिओ घ्या आणि वेळ लिहून ठेवा. मग काय ते बंद-चालू करा. पंचगंगेला पाणी वाढलं की आपण राजाराम बंधाऱ्याची पातळी तासातासाला बघतो. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका, हे इथं पोराटोरांनाही पाठ आहे. तशीच नोंद या बिघाडाची ठेवायची: तारीख, वेळ, कोणते दिवे गेले, त्या वेळी शेजारी काय चालू झालं. आठ दिवसांच्या नोंदीत अर्धं उत्तर असतं.

दिवे वाचायला शिकणं अवघड नाही. स्विचवरचे सगळे दिवे एकदम विझले आणि मग सगळे एकदम लागले, तर दुखणं विजेचं आहे: अडॅप्टर, सॉकेट, बोर्ड किंवा व्होल्टेज. एकाच पोर्टचा दिवा गेला आणि बाकीचे शांतपणे लुकलुकतायत, तर त्या एका केबलचं, तिच्या कनेक्टरचं किंवा त्या पोर्टचं. सगळे दिवे एका लयीत, वेड्यासारखे फडफडतायत आणि कुणाचंच काही चालत नाही, तर बहुतेक कुठंतरी केबल फिरून त्याच स्विचमध्ये आली आहे. आणि सगळे दिवे नेहमीसारखे असूनही नेट नसेल, तर मग पत्त्यांचा घोळ किंवा बाहेरच्या लाइनचा.

इथं एक गोष्ट वेगळी काढा. "नेट गेलं" म्हणजे नेमकं काय गेलं? आतलं जाळं गेलं की बाहेरची लाइन? टॅलीचा डेटा दुसऱ्या संगणकावर असेल आणि टॅलीसुद्धा अडकली, तर बाहेरच्या कंपनीला फोन करण्यात अर्थ नाही, कारण टॅलीला त्या कामात इंटरनेट लागतच नाही. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून आधी आपल्या राउटरला पिंग करा, म्हणजे "आहेस का?" असं विचारणारा छोटा संदेश पाठवा (बऱ्याच ठिकाणी पत्ता १९२.१६८.१.१ असतो), मग ८.८.८.८ ला (हा बाहेरचा, गूगलचा पत्ता), मग एखाद्या वेबसाइटच्या नावाला. राउटरच उत्तर देत नसेल तर दोष तुमच्या चार भिंतींच्या आत आहे. राउटर उत्तर देतो पण ८.८.८.८ नाही, तर बाहेर. आकड्याला उत्तर येतं पण नावाला नाही, तर नावाचा पत्ता शोधून देणारी डीएनएस सेवा अडली आहे. पिंगच्या पुढे उणे चिन्ह आणि टी हे अक्षर दिलं की ते थांबवेपर्यंत चालू राहतं. सकाळी दहाला दोन खिडक्यांत दोन पिंग लावून ठेवले, एक राउटरला, एक ८.८.८.८ ला, की सव्वाअकराला कुठलं आधी तुटतं ते डोळ्यांनी दिसतं.

उद्यमनगरात मी तेच केलं. दोन्ही पिंग एकदम तुटले. म्हणजे आतला दोष. ऑफिसमधल्या स्विचचे सगळे दिवे विझून परत लागले, आणि त्याच क्षणी मागच्या शेडमधून कॉम्प्रेसर सुरू झाल्याचा आवाज आला. चहाची सुट्टी संपली की कामगार परत मशीनवर येतात, हवा लागते, मोटर उठते. मोठी मोटर सुरू होताना तिच्या नेहमीच्या करंटच्या कितीतरी पट करंट ओढते आणि क्षणभर व्होल्टेज खाली बसतं. ट्यूब एकदा मिचकते, संगणक यूपीएसवर असल्यानं चालू राहतो, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. पण स्विच साध्या बोर्डवर होता आणि त्याचा अडॅप्टर सात-आठ वर्षांचा. असा जुना अडॅप्टर मोकळ्या पिनवर मीटरला १२ व्होल्ट दाखवतो, पण भार पडला की घसरतो, कारण आतला कपॅसिटर सुकलेला असतो. हात लावला तर नको इतका गरम लागतो. लक्षात ठेवा, ड्रॉवरमध्ये सापडलेला कुठलाही अडॅप्टर पिन बसते म्हणून लावायचा नाही. व्होल्ट तेवढेच हवेत, अँपियर तेवढे किंवा जास्त हवेत आणि प्लस-मायनस जुळायला हवं. तिन्ही गोष्टी अडॅप्टरवर आणि उपकरणाच्या पाठीवर छापलेल्या असतात.

नवा अडॅप्टर लावला, स्विच आणि राउटर दोन्ही यूपीएसवर घेतले. मला वाटलं काम झालं. चार दिवसांनी ताईंचा फोन. आता रोज नाही, पण आठवड्यातून दोन-तीनदा जातंच. मी पहिलं कारण सापडल्यावर दुसरं शोधलंच नव्हतं. जुन्या जागेत दोन दोष एकावर एक बसलेले असतात. मोठा निघाला की मगच छोटा दिसतो.

या वेळी व्हिडिओत एकच दिवा गेलेला दिसला: ऑफिसमधून मागच्या शेडकडे जाणाऱ्या केबलचा. टॅलीचा डेटा शेडच्या बाजूच्या खोलीतल्या संगणकावर होता, म्हणून ताईंना "सगळंच गेलं" असं वाटायचं. त्या खोलीतल्या संगणकावर नेटवर्कच्या सेटिंगमध्ये लिंक स्पीड, म्हणजे केबलच्या दोन टोकांनी आपसात ठरवलेला वेग, बघितला: १०० एमबीपीएस. स्विच गिगाबिटचा, म्हणजे १००० एमबीपीएसचा, कार्ड गिगाबिटचं, तरी वेग १००. ही खूण मोलाची आहे आणि फुकट मिळते, फक्त बघायची सवय हवी. १०० एमबीपीएसला केबलमधल्या चार जोड्यांपैकी दोनच लागतात: पिन १, २ आणि ३, ६. गिगाबिटला चारही जोड्या लागतात. त्यामुळे गिगाबिटच्या दोन उपकरणांमध्ये वेग १०० वर अडकला असेल, तर बहुतेक वेळा उरलेल्या दोन जोड्यांपैकी एखादी तार तुटलेली असते नाहीतर कनेक्टरमध्ये नीट बसलेली नसते. बरीच कार्डं गिगाबिट जमत नाही म्हटल्यावर गुपचूप १०० वर उतरतात, तक्रार करत नाहीत. चालतंय म्हणून आपणही बघत नाही.

केबल धरून चालत गेलो. ऑफिसच्या खिडकीतून बाहेर, पत्र्याच्या कडेनं, मग शेडच्या खांबावर. तिथं ती कॉम्प्रेसरला जाणाऱ्या थ्री फेज केबलला टायनं घट्ट बांधलेली, पंधरा-वीस फूट अगदी चिकटून. आणि खांबाच्या वरच्या अंगाला काळ्या टेपची गुंडाळी. टेप सोडली तर आत जोड! आठ तारा सोलून एकमेकींना पिळा मारून जोडलेल्या, जवळजवळ चार इंच उघड्या, तांबं हिरवट पडलेलं.

हा जोड एवढा का नडतो, ते समजून घेण्यासारखं आहे. नेटवर्कच्या केबलमध्ये तारा जोडीजोडीनं पिळलेल्या असतात, त्या दिसायला बऱ्या म्हणून नव्हे. एका जोडीतल्या दोन तारांतून एकच संकेत उलटसुलट जातो. बाहेरून आलेला त्रास पिळामुळे दोन्ही तारांवर जवळपास सारखा पडतो, आणि घेणारा फक्त दोघींमधला फरक वाचतो. त्रास वजा होऊन जातो. पीळ उलगडला की हे गणित मोडतं. म्हणून कॅट ५ई केबलला कनेक्टर लावतानासुद्धा अर्ध्या इंचापेक्षा, म्हणजे १३ मिलिमीटरपेक्षा जास्त पीळ सोडायचा नाही असा नियम आहे. इथं चार इंच सुटलेला, शेजारून थ्री फेज जातेय आणि कॉम्प्रेसरची मोटर उठतेय. शिवाय कोल्हापूरचा पाऊस. जून ते सप्टेंबर त्या टेपच्या आत ओल राहिली, तांबं गंजलं, एक तार नुसती टेकलेली राहिली. मोटर उठली की खांब थरथरतो, तार हलते, लिंक तुटते.

जोड दिला होता कारण शेड वाढवताना केबल आखूड पडली. त्या माणसाला दोष देत नाही. हातात केबल तेवढीच होती आणि काम सुरू करायचं होतं. पण केबलला मधे पिळा मारून जोड द्यायचा नाही, ही गोष्ट मी हात जोडून सांगतो. दुसरा मार्गच नसेल तर दोन्ही टोकांना नीट कनेक्टर लावून जोडणारी डबी मिळते, ती वापरा, तीही छपराखाली, कोरड्या जागी.

ती केबल आम्ही बदलली नाही, काढूनच टाकली. ऑफिस ते शेड फायबर टाकली आणि दोन्हीकडे मीडिया कन्व्हर्टर (फायबरमधला प्रकाश आणि तांब्यातला संकेत यांची अदलाबदल करणारी उपकरणं) बसवले. दोन वेगळ्या इमारतींमध्ये, दोन वेगळ्या विजेच्या बोर्डांवर चालणाऱ्या जागांमध्ये तांब्याची केबल मला आता नको वाटते. फायबरमधून वीज जात नाही. मोटरचा त्रास नाही, दोन बोर्डांच्या अर्थिंगमधल्या फरकाचा त्रास नाही. आणि आपल्याकडचा एप्रिल-मेमधला वळीव! त्या एका संध्याकाळच्या कडकडाटात बाहेरून गेलेल्या तांब्याच्या केबलींनी किती स्विचचे पोर्ट जाळले ते या धंद्यातल्या कुणालाही विचारा. तांब्याला दुसरी हद्द अंतराची असते: एका उपकरणापासून दुसऱ्यापर्यंत १०० मीटर, पॅच कॉर्ड (टोकांच्या छोट्या केबली) धरून. त्याच्या पुढे केबल लावली तर कधी चालते, कधी नाही, आणि तेच सर्वांत वाईट, कारण कधीतरी चालणाऱ्या गोष्टीवर माणूस संशय घेत नाही.

आता दुसरीकडे वारंवार भेटणारे काही प्रकार.

केबल हलकी लागली तर शंका घ्या. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची केबल मिळते, तिच्यावर बहुधा सीसीए छापलेलं असतं, किंवा काहीच छापलेलं नसतं. ब्लेडनं तार हलकी खरवडली की आतून पांढरी चमक दिसते. ॲल्युमिनियमची घनता तांब्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी, म्हणून बॉक्स उचलतानाच कळतं. आणि विजेला त्याचा विरोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त. साध्या संगणकाला जवळच्या अंतरात ती चालून जाते, पण कॅमेऱ्याला त्याच केबलमधून वीज द्यायची असेल तर लांब टोकाला व्होल्टेज पुरत नाही. मग कॅमेरा दिवसा ठीक चालतो आणि अंधार पडला की जातो. रात्री इन्फ्रारेडचे दिवे लागतात, वीज जास्त लागते आणि तो बसतो. साध्या पीओईमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या केबलमधूनच वीज द्यायच्या सोयीत, स्विच एका पोर्टला १५.४ वॉट सोडतो आणि पुढे कॅमेऱ्याला १२.९५ वॉट मिळतील असं धरलेलं असतं. वाटेतला तोटा केबलनं त्याहून वाढवला तर हिशेब चुकणारच. "कॅमेरा रोज सात वाजता जातो" अशी तक्रार आली की मी आधी केबल बघतो, कॅमेरा नंतर.

कनेक्टरच्या आत आणखी एक फसवणूक लपते. काही जण तारा रंगांच्या जोडीनं सरळ बसवतात: केशरीची जोडी, मग हिरव्याची, निळ्याची, तपकिरीची. दोन्ही टोकांना तसंच केलं की दोन-तीनशे रुपयांच्या टेस्टरवर एक ते आठ सगळे दिवे ओळीनं लागतात आणि माणूस निश्चिंत होतो. पण तिसरी आणि सहावी पिन एकाच पिळातली असावी लागते, इथं ती दोन वेगळ्या जोड्यांत जाते. जोड बरोबर, जोडी चूक. छोट्या केबलवर चालतं, लांब केबलवर काम वाढलं की अडखळतं. बरोबर क्रम असा: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. कनेक्टरची खटक्याची बाजू खाली ठेवून डावीकडून मोजायचं. आणि केबलचं बाहेरचं आवरण कनेक्टरच्या आत दाबलं गेलं पाहिजे. ते बाहेर राहिलं की ओढ आठ नाजूक तारांवर येते.

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात येणारा एक फोन मला आता पाठ झालाय. खंडेनवमीला मशीन पुसतात, संगणकाला हळदकुंकू लावतात, टेबलाखालची जळमटं काढतात. साफ करताना कुणाला तरी एक केबल लोंबकळताना दिसते आणि तो चांगल्या मनानं ती स्विचमधल्या रिकाम्या पोर्टमध्ये खोचतो. तिचं दुसरं टोक आधीच त्याच स्विचमध्ये असतं. मग सगळ्यांसाठी पाठवलेला संदेश फिरत राहतो, वाढत राहतो, आणि काही सेकंदांत पूर्ण ऑफिस बंद. इथरनेटच्या पाकिटावर "इतके टप्पे झाले की संपव" अशी खूणच नसते, म्हणून ते आपोआप थांबत नाही. यावरचा उपाय, स्पॅनिंग ट्री, रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये शोधला, पण आपण दुकानातून आणतो त्या साध्या स्विचमध्ये तो सहसा नसतो. घरगुती उपाय: स्विचमधल्या केबली एकेक करून काढा, फडफड थांबली की शेवटची काढलेली केबल गुन्हेगार. आणि पूजेच्या आधी प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना एकच नंबर लिहिलेली पट्टी चिकटवा.

सकाळी दोघांचं चालतं आणि तिघांचं नाही, उद्या दुसऱ्याच दोघांचं, असं असेल तर कुणीतरी वाय-फाय वाढवायला जुना राउटर जोडलाय का ते विचारा. त्या राउटरमधली पत्ते वाटायची सोय, डीएचसीपी, चालू राहिली की जाळ्यात पत्ते वाटणारे दोघे होतात. संगणक चालू झाल्यावर ज्याचं उत्तर आधी येईल त्याचा पत्ता घेतो. चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या संगणकाचे पत्ते शेजारी लिहून बघा, एकाचा १९२.१६८.१ ने सुरू आणि दुसऱ्याचा १९२.१६८.० ने, की सापडलं. जुन्या राउटरमधला डीएचसीपी बंद करा, त्याचा स्वतःचा पत्ता मुख्य राउटरपेक्षा वेगळा पण त्याच मालिकेतला द्या आणि केबल त्याच्या लॅन पोर्टमध्ये लावा. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्या संगणकाला कुणीच पत्ता दिलेला नाही. मग परत केबलकडे वळा.

बाहेरून येणाऱ्या फायबरचं थोडक्यात. ती फायबर जिथं जोडलेली असते त्या कंपनीच्या डबीवर लॉसचा लाल दिवा लागला तर प्रकाशच येत नाही, कंपनीला फोन करा. तो लागत नसेल तरी रोज संध्याकाळी नेट मंद होत असेल, तर ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या डबीच्या सेटिंगच्या पानावर, आत येणाऱ्या प्रकाशाचा आकडा बघा. उणे २७ डीबीएमच्या आसपास किंवा त्याखाली असेल तर तो काठावर आहे, आणि तो आकडाच कंपनीच्या माणसाला दाखवा, मग तो स्पीड टेस्ट दाखवून जाणार नाही. हिरव्या टोकाचा कनेक्टर निळ्यात खोचायचा नाही, हिरव्याचं तोंड ८ अंशांनी तिरकं घासलेलं असतं, दोन्ही जुळत नाहीत. आणि भिंतीच्या कोपऱ्यात ती वायर खिळ्यानं आवळू नका. प्रकाश वाकतो, पण थोडाच.

पावसाळ्यासाठी एक साधं काम: बाहेरून आत येणाऱ्या प्रत्येक केबलला भोकाच्या आधी खाली एक झोल द्या. पाणी त्या झोलावरून खाली टपकतं, केबलच्या अंगानं आत येऊन पोर्टमध्ये उतरत नाही. उन्हापावसात जाणारी केबल काळ्या, जाड आवरणाची घ्या. घरातली करडी केबल पत्र्यावर दोन उन्हाळ्यांत तडकते.

उद्यमनगरातल्या त्या शॉपमध्ये आता स्विचच्या पेटीच्या दाराला आतून एक कागद चिकटवलाय. ताईंनी स्वतः काढलेला. कुठल्या पोर्टमधून कुठली केबल कुठं जाते, तिची लांबी, टाकल्याची तारीख. तुमच्याकडे हे सगळं करूनही बिघाड राहिला आणि तुम्हाला कुणाला विचारावं लागलं, तर चार गोष्टी आधी लिहून द्या: बिघाडाच्या शेवटच्या पाच वेळा, त्या वेळच्या दिव्यांचा व्हिडिओ, लिंक स्पीडचा आकडा, आणि दोन पिंगमधलं कुठलं आधी तुटलं ते.